ताटाआडचा फासा

भटूनाना फासा टाकायचे तो ताटाआड. जेवणाचं स्टीलचं ताट पाण्याच्या तांब्याला टेकवून उभं करायचे, त्याच्यामागे हात न्यायचे आणि फासा सोडायचे. आम्हाला फक्त आवाज यायचा. मग ताटावरून आमच्याकडे बघत ते आकडा सांगायचे. आकडा खरा की खोटा हे त्यांना आणि त्या ताटाला ठाऊक. आकडा सांगून झाला की लगेच पुढचं वाक्य ठरलेलं असे, "आकडा पडना. आते माणूस सांग."

म्हणजे आकडा पडला, आता खेळातल्या तुझ्या माणसाचं सांग. बाण लागला असेल तर तो ओरडला का, कुणाला हाक मारली, की आवाज न करता बसला, हे सांगितल्याशिवाय नाना पुढचा डाव चालू करत नसत.

आम्ही सुरतेतल्या डिंडोलीत शेजारी होतो. नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं. नाना धुळे जिल्ह्यातले, पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये साड्यांची डिझाइनं आलेखाच्या कागदावर उतरवायचे. मी अकोल्याचा, उधन्याच्या एका डाइंगच्या कारखान्यात हिशेब बघायचो. ते पहिल्यांदा माझ्या दारात आले ते एक वाळवी लागलेलं इंग्रजी पुस्तक आणि औषधाच्या डबीत ठेवलेले चित्रविचित्र फासे घेऊन. नदीकाठच्या जुन्या बाजारात दोन्ही एकत्रच मिळाले होते. एक फासा चार तोंडांचा, एक आठ, एक वीस तोंडांचा. पुस्तकात तलवारी, राक्षस आणि आकड्यांची कोष्टकं. नाना म्हणाले, "साहेब, चित्रं मला कळली. हे कोष्टक तेवढं सांगा."

मी कोष्टक समजावलं आणि त्यातच अडकलो. खेळ असा होता: प्रत्येकानं एक माणूस घ्यायचा, त्याचं बळ, कसब आणि आयुष्य आकड्यांत मांडायचं, आणि एक जण गोष्ट सांगत खेळ चालवणार. तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं. जमलं की फसलं ते फासा सांगणार. राक्षस नानांनी पहिल्याच दिवशी काढून टाकले. त्यांच्या खेळात घाट होते, नाके, बाजार, दरोडेखोर, सावकाराचे पहारेकरी होते. मिलमध्ये खराब झालेले आलेखाचे कागद घरी आणून, चिकटवून, ते त्यावर किल्ले आणि वाटा काढायचे. साडीवर कोयऱ्या काढणाऱ्या हाताचा किल्लाही नक्षीदारच निघे.

खेळ व्हायचा विजेच्या सुट्टीच्या दिवशी. नानांची खोली पहिल्या मजल्यावर होती आणि खाली यंत्रमागांचं, म्हणजे लूमचं, खातं. आठवड्यातला एक वार आमच्या भागाची वीज बंद असे आणि लूम थांबत. एरवी त्या खोलीत भिंतीला टेकलं तर पाठ थरथरायची, मांडणीतल्या कपबश्या सतत किणकिणायच्या. सुट्टीच्या दिवशी दुपारी मात्र सगळं इतकं स्तब्ध असे की फासा टाकावासा वाटे.

खेळणारे आम्ही तिघं. मी, नानांच्या पत्नी शकूवहिनी आणि खालच्या खात्यात लूम चालवणारे बापू. वहिनींचा माणूस म्हणजे एक वैदीण, जिच्या झोळीत औषधांपेक्षा दुसऱ्यांच्या वस्तू जास्त असत. माझा एक सरदार होता. त्याचं नाव मी काय ठेवलं होतं ते आज आठवत नाही, आणि हेच माझ्या खेळाबद्दल पुरेसं बोलतं. त्याचं बळ किती, पल्ला किती, हे मात्र अजून सांगू शकेन.

मला लढाई आवडायची. कुणाला कुठं उभं करायचं, कोणत्या बाजूनं गेलं तर समोरच्याच्या वाराची शक्यता निम्मी होते, हे मी कागदावर ठिपके देऊन दाखवायचो. एकदा विहिरीवर बसलेल्या दरोडेखोरांना आम्ही माझ्या आखणीनं असं घेरलं की आमच्यातल्या कुणाला ओरखडाही आला नाही. मी खूश होतो. नानांनी पडलेल्या माणसांच्या जागी ठेवलेले चिंचोके एकेक करून उचलले, आणि उचलताना प्रत्येकाचं नाव सांगितलं. एकाजवळ नवं जातं होतं, घरी न्यायचं म्हणून बाजारातून घेतलेलं. ते तिथंच विहिरीच्या काठाला राहिलं.

"हे आधी नाही का सांगायचं?" मी म्हणालो.

"तुम्ही इचारलं कुठं?" नाना म्हणाले. मग अहिराणीत, वहिनींकडे बघत, पण मला ऐकू जाईल असं, "माराना पहिले इचार, तो कोन शे." मारण्याआधी विचार, तो कोण आहे.

याचा अर्थ त्यांना नुसत्या गप्पा हव्या होत्या असा नाही. वहिनी एकदा नाक्यावरच्या शिपायाशी एवढं बोलत बसल्या, त्याच्या सासूपर्यंत पोचल्या, की नानांनी मध्येच मागून दोन घोडेस्वार आणले आणि वैदिणीची झोळी गेली. वहिनी रुसल्या. नाना त्यांना म्हणाले, नुसत्या काठाची साडी नेसता येत नाही, आणि काठच नसला तर साडी कुठं संपली ते कळत नाही. त्यांच्या लेखी लढाई हा काठ होता आणि बोलणं हे अंग. काठ किती रुंद ठेवायचा हे ते रोज मिलमध्ये ठरवत, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्यासाठी. मला ते म्हणत, "साहेब, तुमचा सरदार माणूस आहे का त्रिकोण? कधी तरी बोलू द्या त्याला." मी प्रयत्न करायचो. तोंड उघडलं की मलाच हसू यायचं, किंवा लाज वाटायची, आणि मी म्हणायचो, "तो काही बोलत नाही, दोन घरं पुढं सरकतो."

बापू परभणीकडचे. लूमच्या आवाजात वर्षं काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, आणि स्वतः ते खोलीतही खात्यात असल्यासारखे मोठ्यानं बोलत. बोलत पण कमीच. बरंचसं हातानं सांगत, जसं खात्यात सांगतात: बोट फिरवलं की सुताची बॉबिन, मूठ आपटली की मशीन बंद. त्यांचा माणूस सखाराम नावाडी. सुरुवातीचे कितीतरी डाव सखारामनं "मारतो" याखेरीज काही केलं नाही. नानांनी हट्ट सोडला नाही. "आते माणूस सांग," म्हणत ते थांबून राहत, आणि बापू मान खाली घालून बसत. मला तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटे.

एकदा नानांनी सहज विचारलं, सखारामच्या घरी कोण कोण आहे. बापू म्हणाले, "धाकटा भाऊ हाय. बोलत न्हाई."

बापूंचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं विहिरीच्या पाण्यावरून फाटलेलं होतं आणि बापू त्यानंतरच सुरतेला आले होते, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्या दिवसापासून सखाराम बोलायला लागला. नानांनी गोष्टीत त्याच्या भावाचा माग ठेवला: कुणी म्हणे तो घाटापलीकडे दिसला, कुणी म्हणे नाक्यावर टोळीचा म्होरक्या झालाय. बापू प्रत्येकाला विचारत, "कसा दिसतो आता? खातोपितो का?" असं ते मोठ्या आवाजात विचारायचे, आणि वहिनी चहाच्या निमित्तानं उठून आत जायच्या.

त्याच सुमारास बापूंना गावाकडून पत्रिका आली. भावाच्या मुलीचं लग्न, वैशाखात. छापील पत्रिका, वर हातानं एक अक्षर नाही. जावं की नाही, बापूंना ठरवता येईना. नानांनी जायला सांगितलं. बापू म्हणाले, "तिथं गेल्यावर पयलं वाक्य काय बोलावं तेच सुधरत न्हाई. आधी सखारामचं होऊ द्या नाना, मग माझं बघू." नानांनी हे मला सांगितलं आणि म्हणाले, पुढच्या सुट्टीला घाटातली भावांची भेट लावतो.

ताटाचं आता सांगायला हवं. काही आठवड्यांपूर्वी ते मीच काढायला लावलं होतं. मला आकड्यांची सवय. शत्रूचे नेम आमच्यावर लागायला हवेत त्यापेक्षा फारच कमी लागत होते, आणि आमच्यातला कुणी मरायला टेकला की तर लागतच नव्हते. मी म्हणालो, "नाना, तुमचा फासा दयाळू आहे." ते हसले. मी म्हणालो, असं असेल तर आम्ही जिंकतो त्याला अर्थ नाही; फासा उघडा टाका. खरं तर माझं म्हणणं चूक नव्हतं. ज्या लढाईत मरणं शक्यच नाही तिची आखणी कशाला करायची? नाना विचारात पडले. म्हणाले, ताट काढलं तर मग खेळ मी नाही चालवत, फासा चालवतो. तरी त्यांनी ताट आडवं ठेवलं. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं भाऊजी. निदान ताटं तरी जेवायला मोकळी झाली."

तिरका राहिलेला फासा कसा वाचायचा, हेही मीच ठरवून दिलं होतं. कागदाच्या जोडावर फासा कधी कलंडून राही. एकदा माझ्या सरदाराचा चांगला आकडा तसा तिरका पडला तेव्हा मी म्हणालो होतो, सगळ्यांनी वाचला तो आकडा खरा, मग त्याला हात लावायचा नाही.

घाटाच्या दिवशी बापू धुतलेला सदरा घालून आले. नाक्यावरचा म्होरक्या म्हणजे सखारामचा भाऊ, हे एव्हाना उघड होतं. बापूंना लढाई नकोच होती. सखाराम एकटा, रिकाम्या हातानं, नाक्यासमोर जाणार आणि बोलणार. मी म्हणालो, जाऊ दे, पण आमची माणसं दोन्ही अंगांना दडलेली हवीत. आणि सखारामनं कुठं उभं राहायचं तेही मीच दाखवलं. तिथून माघारीची वाट सर्वांत जवळ होती. त्या जागेवर त्याला मारायला शत्रूला वीस तोंडांच्या फाश्यावर वीसच हवे होते, दुसरा कुठलाही आकडा चालणार नव्हता. यापेक्षा सुरक्षित जागा त्या कागदावर नव्हती. आजही मी ती जागा तपासून बघतो. नव्हती.

बापूंनी खूप वेळ घेतला. सखाराम वाट चढत होता आणि बापू ती वाट सांगत होते: करवंदाच्या जाळ्या, पायातली वहाण तुटलेली. नानांनी घाई केली नाही. दिवस कलला, तरी कुणी उठलं नाही. दडलेल्या वैदिणीची झोळी एका पहारेकऱ्याला दिसली. पोरगेलासा पहारेकरी, घाबरला, आणि त्यानं समोर दिसला त्या माणसावर बाण सोडला. समोर सखाराम होता.

नानांनी फासा टाकला, उघडा. तो घरंगळत गेला, दोन कागदांच्या जोडावर टेकून थांबला. वीस.

आम्ही चौघांनीही वाचला. आणि त्याच क्षणी खाली धाड धाड सुरू झालं. वीज आली होती आणि फिटरनं पाळीच्या आधी एक लूम चालवून बघितला. जमीन थरथरली, फासा जोडावरून घसरला आणि सपाट पडला. आठ.

मग नानांनी माझ्याकडे बघितलं. "साहेब," लूमच्या आवाजावरून ते म्हणाले, "तुम्ही हिशेबाचे माणूस. कोणता धरायचा?"

मी फार विचार केला असं म्हणता येणार नाही. उत्तर तयार होतं. माझ्या फायद्याच्या वेळी मी जो नियम लावला, तो दुसऱ्याच्या तोट्याच्या वेळी बदलायचा नाही, एवढंच मला दिसलं. मी म्हणालो, "वाचला तो. नंतर जमीन हलली, फासा नाही."

नाना फाश्याकडे बघत राहिले. "आकडा पडना," म्हणाले. पुढचं वाक्य ते बोलले नाहीत.

बापूंना खालच्या लूमच्या आवाजात काही ऐकू गेलं नसावं, पण त्यांनी आमचे चेहरे वाचले. "मेला का मग?" त्यांनी विचारलं. वहिनींनी होकारार्थी मान हलवली. बापू हसले. "बरं झालं. न्हाईतरी काय बोलला असता." त्यांनी चहा प्यायला, कप स्वतः विसळून मांडणीत ठेवला, आणि पाळीला गेले.

ते लग्नाला गेले नाहीत. एक माणूस खेळातल्या फाश्यामुळे पुतणीच्या लग्नाला जात नाही, असं मी कुणाला सांगितलं तर तो मला वेड्यात काढील. सुट्टी मिळाली नसेल, भीती वाटली असेल, राग उरला असेल. ही सगळी कारणं मी नानांना मांडून दाखवली. नाना ऐकून घेत आणि मान हलवत. ते बापूंच्या खोलीवर जाऊन आले होते, आठ धरू या म्हणून सांगायला. बापू त्यांना म्हणाले, "नाना, खेळातलं मेलेलं बी उठवायचं का आता?"

मी नानांना म्हणालो, निकाल मी दिला, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा नीट ऐकलं नाही. ते म्हणाले, "तुमचं उत्तर बरोबर होतं साहेब. तुम्ही तेच देणार हे मला माहीत होतं. मला आठ म्हणायचं होतं आणि म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून तुम्हाला विचारलं."

म्हणजे तो दोष त्यांनी माझ्याकडे येऊच दिला नाही. आणि मी, खरं सांगायचं तर, तो त्यांच्याकडे राहू दिला.

खेळ पुढे काही दिवस चालला, पण नाना फासा हातात घेईनासे झाले. वहिनींना टाकायला सांगत. मग मिलमध्ये डिझाइनं कॉम्प्युटरवर निघू लागली, नानांच्या टेबलाचं काम कमी कमी होत गेलं, आणि एका मार्चमध्ये दोघं गावी, शिंदखेड्याकडे निघून गेले. जाताना फाश्यांची डबी त्यांनी मला देऊ केली. मी घेतली नाही.

ते गेल्यानंतरच्या पावसाळ्यात बापूंचा भाऊ वारला. शेतात छातीत दुखलं आणि घरी आणेपर्यंत संपलं. बापू दहाव्याला पोचले. परत आल्यावर रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी मला नेहमीच्याच मोठ्या आवाजात सांगितलं, आणि आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. भावजय त्यांना म्हणाली, लग्नाच्या दिवशी तुमची वाट बघायला दोनदा वेशीपर्यंत माणूस पाठवला होता. भावानंच पाठवला होता. हे सांगून बापूंनी हातानं एक खूण केली, मूठ आपटल्याची. मशीन बंद. मी त्यांच्याबरोबर थोडं चाललो.

पुढच्या वर्षी नाना आजारी असल्याचं कळलं. फुप्फुसांचं दुखणं होतं. मी गेलो तेव्हा ते ओसरीत खाटेवर होते, अंगानं निम्मे झालेले. वहिनींनी पाणी दिलं. सुरतेच्या गोष्टी निघाल्या. थोड्या वेळानं नानांनी विचारलं, "बापू गेला का रे भावाकडं?"

मला ते कधी अरे-तुरे करत नसत. "गेले," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

"भेटले?"

त्यांचा श्वास वाजत होता. मी आयुष्यात एक आकडा इकडचा तिकडे केलेला नाही. "भेटले," मी म्हणालो.

नाना कोपरावर थोडे उठले. वहिनी पुढं झाल्या, त्यांना त्यांनी हातानं थांबवलं. "आकडा पडना," ते म्हणाले. "आते माणूस सांग."

मी हातातला पेला खाली ठेवला. मग सांगायला लागलो. भाऊ विहिरीवर होता. बापू बांधावरून येताना त्याला दिसले. तो काही बोलला नाही, बादली सोडली, पाणी काढलं आणि बापूंच्या पायांवर ओतलं. बापूंची वहाण तुटलेली होती. भाऊ ती वहाण हातात घेऊन बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, एवढ्या उन्हात चालत आलास? हाक मारायचीस की." बापूंना नीट ऐकू आलं नाही. मग भावानं तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. एवढ्या मोठ्यानं की शेजारच्या शेतातली माणसं उभी राहून बघायला लागली.

मी थांबलो. मला हसू आलं नाही, लाजही वाटली नाही.

नानांनी डोळे मिटले होते. डोळे न उघडता म्हणाले, "आते तुना माणूस बोलना." आणि पडून राहिले.

मला बसथांब्यावर सोडायला वहिनी आल्या. फाट्यापाशी त्यांनी विचारलं, "भाऊजी, खरं का ते?"

"ताट उभं केलं, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "पण त्यांना ओळखू येतो हो, ताटाआडच्या फाश्याचा आवाज."

बस आली. त्यानंतर महिन्याभरात नाना गेले. त्यांनी माझं ऐकून डोळे मिटले ते समाधानानं की मला आणखी बोलायला लागू नये म्हणून, हे मला अजून ठरवता येत नाही. वहिनींना विचारता आलं असतं. मी विचारलेलं नाही.